कारणाचा रकाना

आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना
दोन बोटं रुंद. वर छापलंय: थांबण्याचे कारण.
अकरा वर्षं मी त्यात लिहीत आलो:
लाइट नाही. टेप संपली. कटरचं पातं बोथट.
एकदा मे महिन्यात नुसतंच 'ऊन'.
शेडचा पत्रा इतका तापला होता
की वायरीचं कव्हर बोटांना चिकटत होतं.
मालकांनीही ते खोडलं नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी चाकणहून शेड्यूल आलं.
रोजच्या दोनशे चाळीसच्या जागी शून्य.
मला वाटलं, टायपिंगची चूक. फोन लावला.
"झोपे, आता झोपा," पलीकडच्यानं जुनाच विनोद केला,
पण त्यालाही हसू आलं नाही.
गाड्या उभ्या आहेत म्हणाला. रंग झालाय, सीटा बसल्यात,
हॉर्नसुद्धा वाजतो.
काच वरखाली करणाऱ्या डब्बीतली एक चिप नाही.
समुद्रापलीकडे एका देशानं कारखान्याची चावी काढून घेतली,
दुसऱ्यानं बंदराचं दार लावून घेतलं.

केवढी असते ती? सिंधूबाई देवरेनं विचारलं.
मालकाच्या मुलानं जुन्या रिमोटचं पोट उघडून
तसलीच एक, चिमट्यानं, तिच्या तळहातावर ठेवली.
हाताला टेपचा डिंक होता, ती तिथंच बसली.
बाया गोळा झाल्या.
"इतलंसं?"
रशीदा म्हणाली, तांदूळ निवडताना
मी हिला खडा म्हणून फेकली असती.
सिंधूबाईचं माहेर शिरपूरकडचं,
चिडली की अहिराणीत उतरते:
"भांडन कोनं, उपास कोनले!"

आमच्याकडे काहीच कमी नव्हतं, हे कुणाला सांगायचं.
तांब्याची वायर आठ रंगांत, कनेक्टर, क्लिपा,
भिंतीवर खिळ्यांना चारशे बारा हार्नेस,
गाडीच्या शिरा, गाडीशिवाय.
बाया वेळेवर यायच्या. बोर्ड पुसायच्या. परत पुसायच्या.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरून मेथी आणली निवडायला.

रकान्यात मी लिहिलं 'मटेरियल शॉर्ट'.
खोडलं. मटेरियल समोर ढिगानं.
'भांडण' लिहिलं. ऑडिटवाला विचारेल, कुणाचं, बायांचं?
दोन देशांची नावं दोन बोटांत मावेनात.
शेवटी 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं देत गेलो,
वर काही नव्हतंच.

रशीदा सावद्याला केळीच्या पॅकिंगला लागली.
दोघी जिनिंगमध्ये.
सिंधूबाई राहिली. तिनं ती चिप
बोर्ड नंबर सातच्या कोपऱ्यात टेपखाली दाबून टाकली.

तेविसाव्या दिवशी शेड्यूल: तीनशे. दोन पाळ्या. कालच हवं होतं.
कोणी समेट केला, कशावर केला, आम्ही शोधलं नाही.
रशीदाला फोन लावला.
मागे केळी धुण्याच्या पाण्याचा आवाज.
"झोपेभाऊ, इथं रोजचे पैसे रोज मिळतात."

चारशे बारा पहिल्याच टेम्पोत गेले.
मग आठ बोर्डांपैकी तीनच चालले.
गुरुवारी चाकणचा फोन:
चिप आलीय, गाड्या उभ्या आहेत, तुमची वायर कुठाय?
मी ऐकत होतो.
त्याच्याकडेही असाच रकाना असणार.
त्यात त्यानं 'जळगाव' लिहिलं असेल.
सहज मावतं.

सिंधूबाई नव्या पोरीला शिकवतेय:
पिवळ्यावर काळा पट्टा, सात नंबर.
अगं आधी वळव, मग टोच.
पोरगी विचारते, हे इथं काय चिकटवलंय?
सिंधूबाई मान वर करत नाही.
"तिले हात नको लावू."